अर्धा आणा आणि चवदार तळे : संयमाचा आमचा इतिहास



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही काही लिहा, असे कमिटीच्या कार्यकर्त्यांनी सांगितले. आम्ही काही लेखक नाही. आयुष्य गिरणीच्या रिंग खात्यात गेले. शाळा नववीला सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते पाळीवरून आल्यावर, विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. पण मागच्या जयंतीच्या मिटिंगमध्ये एका तरुण पोराने आम्हाला विचारले, "काका, तुम्ही सारखे संयम, शिस्त म्हणता. आपल्या लोकांनी शतकानुशतके संयमच तर केला. अजून किती करायचा?" प्रश्न खरा आहे. तेव्हा आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते देण्यासाठीच हा लेख लिहितो आहोत.

उत्तर इतिहासात आहे, आणि त्याची सुरुवात सातारच्या एका घरात, एका बटव्यापासून होते.

भीमराव लहान असतानाच आई गेली. आत्या मीराबाईंनी सांभाळ केला. शाळेत अभ्यासापेक्षा इकडे-तिकडेच लक्ष जास्त. सातारची काही पोरे मुंबईला जाऊन गिरणीत लागलेली त्यांनी ऐकली होती. आपणही पळून जावे, गिरणीत काम करावे, आपल्या पायावर उभे राहावे असे पोराच्या मनाने घेतले. पण गाडीभाडे कुठून आणायचे? आत्या रात्री पैशाचा बटवा कमरेला खोचून झोपत. तीन रात्री प्रयत्न केला, जमले नाही. चौथ्या रात्री बटवा हाती आला. उघडून पाहिला तर आत फक्त अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई गाठता येत नाही. त्या पोराला स्वतःची लाज वाटली. त्याने ठरवले की उनाडक्या बंद. आता इतका अभ्यास करायचा, की लवकर परीक्षा पास होऊन स्वतःचे पोट स्वतः भरता येईल. ही हकीकत बाबासाहेबांनी मोठेपणी स्वतः सांगितलेली आहे. चोरीची गोष्ट आहे म्हणून लपवली नाही.

आम्ही गिरणी कामगार. ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिलो. बटव्यात गाडीभाडे असते तर? तर तो पोरगा कदाचित आमच्यासारखाच एखाद्या खात्यात भोंग्यावर जात-येत राहिला असता. गिरणीचे काम हलके असे आम्ही म्हणत नाही. त्याच घामावर आमची घरे उभी राहिली. पण भारताचे संविधान लिहिणारा माणूस तिथे घडला नसता, हेही खरे. बटवा रिकामा निघाला हा योगायोग. पण रिकामा बटवा पाहून दुसऱ्या दिवशी दुसरा बटवा शोधायचा की दप्तर उचलायचे, हे त्या पोराने स्वतः ठरवले. संयम म्हणजे काय, ते इथे पहिल्यांदा दिसते.

पुढे कुटुंब मुंबईत आले. परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्यातच चूल, सरपण, जाते, माणसे. सुभेदार रामजींची रीत अशी की मुलाला लवकर झोपायला लावायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवायचे आणि त्याच जागेवर आपण पडायचे. दोघांना एका वेळी आडवे व्हायला जागा नव्हती! मग पोरगा दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत बसे. पुस्तकाला पैसे नसले की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत आणि तो गहाण टाकून पुस्तक घेत. पेन्शन आली की सोडवून परत करत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्याच्यामागे बापाची अशी जागरणे आहेत आणि बहिणींच्या अंगावरून उतरलेले दागिने आहेत. शिस्त एकट्या माणसाची नसते, सगळ्या घराची असते. आमच्या आया-बहिणींनी हे वाक्य ध्यानात ठेवावे, आणि बापांनी त्याहून जास्त.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडनला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. दुसऱ्या बोटीने पाठवलेली पुस्तके महायुद्धात पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्राच्या तळाशी गेली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नशीबच फुटके! बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना साडेचारशे रुपये, त्या काळी मोठी रक्कम. तरी बिऱ्हाड परळच्या चाळीतच. पै पै वाचवली. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. सकाळी थोडासा नाश्ता, मग ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचन. रात्री भूक लागली तर मित्राने दिलेले पापड भाजून खायचे. इकडे रमाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. त्यांचा संयम कोणत्या विद्यापीठाने मोजला? १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळाली. ती आम्ही दोघांची मानतो.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. त्याचे म्हणणे असे की अभ्यासातला संयम ठीक आहे, पण अन्यायापुढे संयम कशाला? त्याचे उत्तर महाडला मिळते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली पास झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला होता. पण कागदावरचा ठराव ओंजळीत पाणी देत नाही. २० मार्चला बाबासाहेबांच्या पाठीमागे रांगेने लोक निघाले, चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि रांगेनेच परत आले. दंगा नाही, दगड नाही, कुणाला शिवी नाही.

तासा-दोन तासांत अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या-काठ्या घेतलेले जमाव निघाले. मांडवात लोक जेवत होते, त्यांच्यावर तुटून पडले. अन्न मातीत कालवले. बाया, पोरे, म्हातारे, कुणाला पाहिले नाही. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. बाबासाहेब डाकबंगल्यावर होते. अधिकारी त्यांच्याकडे आले तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की तुम्ही त्यांना आवरा, माझ्या माणसांना मी आवरतो.

इथे जरा थांबून विचार करा. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून पेन्शनीत निघालेले जवान होते. महायुद्धात बंदुका चालवलेले हात होते ते! डोळ्यांदेखत आपली माणसे रक्तबंबाळ झालेली. एक शब्द पुरे होता, महाड पेटले असते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. ते हात भीतीने नव्हे, हुकमाने थांबले होते. शतकानुशतके आपण गप्प बसलो ते भीतीने, नाइलाजाने. महाडला थांबलो ते ताकद असताना, ठरवून. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, म्हणून तो पोरगा गोंधळला. ताकद नसलेल्याचे गप्प बसणे ही लाचारी. ताकद असलेल्याचे थांबणे हा संयम.

त्याच डिसेंबरात हीच परीक्षा याहून कठीण झाली. मधल्या काळात तळे 'शुद्ध' करून घेतले गेले, पालिकेने आपला ठरावही मागे घेतला. म्हणून २५ डिसेंबर १९२७ पासून सत्याग्रह परिषद. मांडवाला जागा कुणी देईना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. गावचे व्यापारी माल देणार नाहीत हे ओळखून शिधा आधीच बाहेरून आणून ठेवला होता. शिस्त म्हणतात ती ही! नुसते रांगेत उभे राहणे नव्हे, दहा दिवस आधी तांदूळ-डाळीचा हिशेब करणे. पहिल्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. हजारो लोक तळ्यावर जाऊन तुरुंगात जायला तयार होते. पण विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. कलेक्टरांनी येऊन विनंती केली.

बाबासाहेबांनी विचार केला. आपले भांडण सरकारशी नाही. कोर्टात आपली बाजू सत्याची आहे. हुकूम मोडला तर सरकार आणि सनातनी दोघे एका बाजूला, आणि आपण एकटे. म्हणून त्यांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. ज्यांनी तुरुंगाची तयारी करून घर सोडले त्यांना केवढे वाईट वाटले असेल! तरीही लोकांनी ऐकले. गावातून मिरवणूक निघाली, तळ्याला प्रदक्षिणा घातली, पण पाण्याला कुणी हात लावला नाही. तहानेपेक्षा हे अवघड.

मग कोर्टाची वाट सुरू झाली. महाडच्या कोर्टाचा निकाल १९३१ मध्ये आपल्या बाजूने लागला. प्रतिपक्ष वर गेला. मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी आपला हक्क कायम केला. मार्च १९२७ ते मार्च १९३७, दहा वर्षे! ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे पुरावे गोळा करायचे, तारखांना जायचे, चित्त ढळू द्यायचे नाही. आमच्या पोरांना मोबाईलवर उत्तर दहा मिनिटांत आले नाही तर राग येतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गरीब माणूस गरीब आहे तो शिस्त नसल्यामुळे, असे जे म्हणतात ते खोटे बोलतात. मुंबईच्या गिरण्यांत साचे खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. का? तर कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा विटाळ होई! साचे खात्यात पगार जास्त. आपला कामगार कितीही शिस्तीचा, कितीही निर्व्यसनी असला तरी तिथे प्रवेश नाही. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, तो यासाठीच. अन्याय संघर्षानेच जातो. मात्र संघर्ष करायला जो माणूस लागतो, तो शिस्तीने घडतो.

आता थोडे स्वतःचे. १९८२ च्या संपात आमचे वडील घरी बसले ते कायमचेच. आईने भाजीची पाटी डोक्यावर घेतली. आम्ही पुढे बदलीत लागलो. पगाराच्या दिवशी मित्रांबरोबर गुत्त्यावर जायची सवय लागली. शनिवारी गुत्ता आणि रविवारी विहारात हात जोडून पाचवे शील, असे आम्ही कित्येक वर्षे केले! तोंड म्हणत होते, मन ऐकत नव्हते. खात्यातल्या एका वयस्कर सोबत्याने एकदा एवढेच म्हटले, "गड्या, शील म्हणू नको तरी, नाहीतर पाळ तरी." तो शब्द लागला. तीनदा सोडली, तीनदा परत धरली, चौथ्यांदा सुटली. गिरणी बंद झाली तेव्हा पुन्हा पाय त्या रस्त्याला वळत होते. त्या दिवसांत रोज संध्याकाळी विहारात येऊन खैरमोडे आणि धनंजय कीर यांची बाबासाहेबांची चरित्रे वाचत बसलो. पाय तिकडे जाऊ नयेत म्हणून इथे बसत होतो, खरे कारण तेवढेच. अर्ध्या आण्याची गोष्ट तेव्हाच भेटली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी पांढरी वस्त्रे नेसून धम्म स्वीकारला. तेव्हा बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत दारू पिणार नाही हीसुद्धा आहे. प्रतिज्ञा मोडली तर पाठीत काठी घालणारा कुणी नेमला नाही. तथागतांनीही शील मोडणाऱ्याला वरून शिक्षा करणारा देव सांगितला नाही. पहारेकरी आपणच आणि चोरही आपणच! म्हणून ही शिस्त पलटणीच्या शिस्तीपेक्षा कठीण आणि गिरणीच्या भोंग्यापेक्षा मोलाची. भोंगा बंद पडला की त्याची शिस्त संपते. मनाचा भोंगा बंद पडत नाही.

म्हणून या वर्धापनदिनी आमची तीन मागणी आहेत. एक, प्रत्येक घरात रात्री दोन तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांचा अभ्यास चालू. खोली एकच असली तर मोठ्यांनी बाहेर ओट्यावर बसावे. सुभेदारांनी झोप सोडली, आपण मालिका सोडू. दोन, जयंतीच्या वर्गणीतला काही हिस्सा डीजेऐवजी विहाराच्या वाचनालयाला. तीन, ज्याला व्यसन आहे त्याला हिणवू नका. त्याच्याशेजारी येऊन बसा. आम्हाला कुणीतरी असे भेटले होते.

त्या पोराला आता आमचे उत्तर असे आहे. बाळा, लाचारीचा संयम पुष्कळ झाला, तो आता नको. महाडचा संयम मात्र अजून आपल्याला पुरता आलेला नाही. तो शिकू या.

जयभीम!