हवा खायला आलेले: १६९५ चा एक इटालियन पाहुणा आणि आपला किनारा

शनिवारी सकाळी डहाणू लोकलमधून उतरणारी गर्दी तुम्ही पाहिली असेल, किंवा त्या गर्दीत तुम्ही स्वतःही असाल. पाठीला बॅग, डोक्याला टोपी, रिक्षावाल्याशी थोडी घासाघीस, आणि मग नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. सुरूची झाडं, ओहोटीला पार आत गेलेला समुद्र, चिकूच्या वाड्या. रविवारी संध्याकाळी परत.

आमच्या घरासमोर रिक्षा थांबवून एकदा कोणीतरी विचारलं होतं, "इथे बघण्यासारखं काय आहे?" आजी ओट्यावर बसली होती. तिने उत्तर दिलं, "बघायचं काय त्यात? हवा खायची नि जायचं."

मी पीएच.डी.साठी नेमक्या ह्याच 'हवा खाण्या'चा इतिहास शोधतोय. गाईडसमोर विषय मांडला तेव्हा मला स्वतःलाच जरा ओशाळल्यासारखं झालं होतं. लोक लढाया, तह, महसूल असल्या विषयांवर काम करतात, आणि मी सुट्टीवर! पण आज तुम्हाला एक उतारा दाखवतो. तो वाचल्यावर सुट्टी हा किती गंभीर मामला आहे ते मला कळलं.

आधी थोडं इटलीबद्दल. हल्ली ओळखीतलं कोणी ना कोणी तिकडे जाऊन आलेलं असतं आणि फोटोंचा क्रम ठरलेला असतो. दोन दिवस जुनं शहर, मग एखादा दिवस जवळचं सरोवर. व्हेरोना पाहायचं आणि गार्दा सरोवरावर जायचं, किंवा मिलान आणि मग कोमो. ट्रॅव्हल कंपन्यांनी बनवलेलं हे पॅकेज वाटतं, पण त्यांच्या कितीतरी आधीचं आहे. रोमन काळातला लेखक धाकटा प्लिनी मूळचा कोमोचाच. सरोवराकाठी त्याची बरीच घरं होती. त्यातल्या दोन लाडक्या घरांना त्याने नाटकांवरून 'शोकांतिका' आणि 'सुखांतिका' अशी नावं दिली होती. एक उंचावर, दुसरं अगदी पाण्याला लागून. पुढे इटालियन भाषेत ह्या सवयीसाठी स्वतंत्र शब्दच रुळला, विल्लेज्जातूरा. म्हणजे उन्हाळ्यात शहर सोडून बागेतल्या, पाण्याकाठच्या घरात जाऊन राहणं. ह्यात मौज होती, तशी भीतीही होती. उन्हाळ्यात शहरांत ताप यायचे, माणसं मरायची. 'मलेरिया' हा शब्द मुळात इटालियनच, अर्थ 'वाईट हवा'. वाईट हवेतून चांगल्या हवेत जायचं, एवढा साधा हिशोब.

आता आपल्या किनाऱ्यावर या.

१३ जून १६९३ रोजी नेपल्सहून एक वकील जगप्रवासाला निघाला. नाव जोव्हान्नी फ्रांचेस्को जेमेल्ली करेरी, मूळ गाव दक्षिण इटलीतल्या कालाब्रियात. वकिलीत मनासारखी बढती मिळत नव्हती, कारण मोठ्या घराण्याचा नव्हता. तेव्हाचे बहुतेक युरोपीय प्रवासी कोणाचे तरी नोकर असत, कंपनीचे, राजाचे नाहीतर चर्चचे. करेरी कोणाचाच नव्हता. जिथे जाईल तिथला थोडा माल घ्यायचा, पुढच्या मुक्कामी विकायचा, त्यातून खर्च भागवायचा आणि मिळेल त्या जहाजाने पुढे जायचं. इजिप्त, तुर्कस्तान, इराण करत १६९५ च्या जानेवारीत तो दमणला उतरला. पुढे सुरत, वसई, गोवा, आणि मार्चमध्ये कृष्णाकाठी गलगल्याला औरंगजेबाची छावणी. मग चीन, मनिला, मेक्सिको. १६९८ च्या अखेरीस तो घरी पोहोचला आणि १६९९-१७०० मध्ये त्याने सहा खंडांत प्रवासवर्णन छापलं. त्याच्या भारतातल्या भागाची इंग्रजी आवृत्ती सुरेंद्रनाथ सेन ह्यांनी १९४९ साली संपादित केली. मराठ्यांच्या राज्यकारभारावर लिहिणारे सेन तेच हे.

दमणहून वसईकडे तो समुद्रमार्गे गेला, म्हणजे आमच्या नरपडसमोरूनच. तेव्हा हा सगळा पट्टा पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'त होता. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने त्यांना वसई दिली आणि १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतलं. मधल्या किनाऱ्यावर डहाणू, तारापूर, केळवे, शिरगाव अशी ठाणी होती. वसई ह्या प्रांताची राजधानी. तटबंदीच्या आत चर्च, मठ, सरदारांचे वाडे, चौक. आज वसईच्या किल्ल्यात प्री-वेडिंग फोटो काढायला जो गोलाकार कमानींचा भाग लोक शोधतात, तो ह्या शहराचा सांगाडा. थोडक्यात, करेरीला इथे एक युरोपीय धाटणीचं जुनं शहर भेटलं. आणि शहर म्हटलं की विल्लेज्जातूरा आलीच!

आता तो उतारा, माझ्या शब्दांत.

करेरी सांगतो की वसईच्या बाहेर 'कासाबो' नावाचा भाग आहे. (आपला 'कसबा' हाच शब्द, वसईच्या एका परगण्याला पोर्तुगीज कागदांत 'कसबे' म्हणत.) तिथे पंधरा मैल नुसत्या बागा. माड, आंबे, अशी तऱ्हेतऱ्हेची फळझाडं आणि भरपूर ऊस. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती शेतकरी तिथल्या गावांत राहतात आणि बागा कसतात. पाणी काढायची यंत्रं सतत चालू असतात, म्हणून बागा बारमाही हिरव्या. ह्या गार सावलीच्या ओढीने शहरातल्या बड्या लोकांनी तिथे आपापली विश्रामगृहं बांधली आहेत आणि कडक उन्हाळ्यात ते तिथे हवा खायला जातात.

'हवा खायला'. आजीचाच शब्द! इंग्रजी भाषांतरात तो वाचला तेव्हा मी लायब्ररीत एकटाच हसलो होतो.

पण वाक्य तिथे संपत नाही. पुढे तो म्हणतो की लोक तिथे जातात ते एका साथीपासून पळण्यासाठीही. ह्या उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या शहरांत 'काराझ्झो' नावाचा रोग येतो. गाठ येते आणि माणूस इतक्या झपाट्याने जातो की मरणाची तयारी करायलाही वेळ मिळत नाही. सुरत, दमण, ठाणे अशी गावं त्याने ओस पाडली आहेत. खुद्द वसईतही उत्तरेकडचा जवळपास एक तृतीयांश भाग साथीने उजाड झालेला त्याने पाहिला.

गाठीचा रोग, म्हणजे प्लेग. त्या दशकांत तो पश्चिम भारतात फिरत होताच. विजापूर पडल्यानंतर दोनेक वर्षांत मोगलांच्या छावणीतही त्याने माणसं नेली होती.

"हा माणूस खरं सांगतोय कशावरून?" असं तुम्ही विचाराल, आणि ते विचारायलाच हवं. करेरीवर तो आरोप झालाही. हा कधी नेपल्सबाहेर पडलाच नाही, घरबसल्या लोकांची पुस्तकं वाचून लिहिलं, असं अठराव्या शतकात काहीजण म्हणत. पुढे मेक्सिकोत स्वतः फिरलेल्या हम्बोल्टने त्याची बाजू घेतली. तिथले बारकावे पाहिल्याशिवाय लिहिता येण्याजोगे नाहीत, असं त्याचं म्हणणं. मग मी वसईपुरती हीच कसोटी लावली. पाणी काढायची यंत्रं म्हणजे काय? वसईतल्या कोणत्याही जुन्या वाडीत विचारा, विहिरीवरचा रहाट. बैल गोल फिरतो, माळेला बांधलेली मडकी भरून वर येतात, पाणी पाटात पडतं. माड, आंबा, ऊस ही तर वसईच्या बागायतीची ओळखच. अशा ठिकाणी ऐकीव गोष्ट लिहिणारा माणूस वाडे आणि चर्च वर्णन करून थांबला असता. सिंचनाकडे त्याचं लक्ष गेलं नसतं. म्हणून ह्या उताऱ्यापुरता मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

विश्वास ठेवला तरी काम संपत नाही. इतिहास वाचताना एक सवय लावून घ्यावी लागते. वाक्यातला कर्ता सापडला की त्याच वाक्यात मागे उभे असलेले लोक शोधायचे. इथे कर्ता आहे बडा माणूस. तो येतो, सावलीत फिरतो, रोगातून वाचतो. मागे कोण आहे? रहाट हाकणारा. करेरी त्याला एक ओळ देतो, नाव देत नाही. विचार करा, उन्हाळ्यात शहरातली माणसं ह्या गावांत येतात, तीही साथीच्या शहरातून निघून. त्यांच्या घोड्याची, कपड्यांची, जेवणाची व्यवस्था गावकरीच बघतात. एकाचा हवापालट म्हणजे दुसऱ्याचं वाढलेलं काम आणि वाढलेला धोका. माझ्या प्रबंधाचा गाभा तुम्हाला एका वाक्यात हवा असेल तर तो हाच.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई मराठ्यांकडे आली. उत्तर प्रांत संपला, दमण मात्र पोर्तुगीजांकडे उरलं. विश्रामगृहांचे मालक गेले, बागा राहिल्या, कारण बागा मालकांनी नाही तर कसणाऱ्यांनी जिवंत ठेवल्या होत्या. हवा खाण्याची चाल मात्र नव्या मालकांसोबत परत आली. इंग्रजांनी महाबळेश्वर, माथेरान वसवलं. १८६४ मध्ये मुंबई-सुरत रेल्वे झाली आणि आमचा किनारा मुंबईला जोडला गेला. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडलं. ज्यांच्याकडे बंगले होते ते बंगल्यांत गेले, बाकीचे गावी नाहीतर झोपड्यांच्या छावण्यांत. दोनशे वर्षांनी करेरीचा उतारा पुन्हा घडला, फरक इतकाच की होडीऐवजी आगगाडी होती.

आणि आमच्याकडे रहाट हाकणारे कोण होते? डहाणू-तलासरीतली उत्तरं कडू आहेत. इथल्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या आणि वारली माणूस स्वतःच्याच रानात वेठीला लागला. वेठ म्हणजे मजुरीशिवाय काम; लग्नासाठी कर्ज घेतलं म्हणून नवरा-बायको दोघं वर्षानुवर्षं राबणारे लग्नगडी. १९४५ च्या मे महिन्यात झरीला आदिवासींची मोठी सभा झाली, वेठ करणार नाही असं ठरलं, आणि तिथून उठाव पसरला. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' तुम्ही वाचलं नसेल तर नक्की वाचा. नरपडहून झरी फार लांब नाही. समुद्राकडे तोंड करून हवा खाताना ते पाठीमागे येतं, एवढंच.

हा विषय मी का निवडला, हे आता सांगतो. २०२० च्या उन्हाळ्यात मी घरी अडकलो होतो. गावाच्या रस्त्यांवर बांबू आडवे टाकले होते. शहरातून कोणी बंगल्यावर आलंय का, ह्याची कुजबुज रोज. एका वाडीवर काम करणाऱ्या मावशी आईला म्हणाल्या, "ते आले तर मला जावंच लागेल ना गं? नाही म्हटलं तर नंतर काम कोण देईल?" तेव्हा मी करेरीचं नावही ऐकलं नव्हतं. दोन वर्षांनी लायब्ररीत तो उतारा समोर आला आणि मला मावशींचा आवाज ऐकू आला. १६९५ च्या त्या वाक्यात जी जागा रिकामी आहे, तिथे असंच कोणीतरी बोललं असणार, फक्त लिहून घ्यायला कोणी नव्हतं. म्हणून मी सध्या गावोगावच्या वाड्यांवर काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतोय. ह्या वेळी तरी जागा रिकामी राहू नये.

मी सुट्टीच्या विरोधात आहे असं समजू नका. मलाही कोमोला जायचंय, प्लिनीची ती दोन घरं कुठे असतील ह्याचा अंदाज बांधत काठाने फिरायचंय. आणि पर्यटनावर आमच्या गावातली कितीतरी घरं चालतात, हेही खरं. शिवाय 'इथली हवा चांगली' ह्या एका गोष्टीने आम्हाला थोडं वाचवलंयही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, उद्योगांवर बंधनं आली, म्हणून वाड्या टिकल्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे. किनारा कोणाचा, बघणाऱ्यांचा, नेणाऱ्यांचा की राहणाऱ्यांचा, हा वाद पुन्हा उभा आहे, आणि त्यात मच्छीमारांना आपलं म्हणणं मोठ्याने सांगावं लागतंय.

तर पुढच्या शनिवारी याल तेव्हा जरूर या. समुद्र बघा, ओहोटीला लांबवर चालत जा, चिकू घ्या. फक्त ज्या वाडीत उतराल तिथे एक प्रश्न विचारा, "झाडांना पाणी कोण घालतं?" नाव विचारा, थोडा वेळ बोला. ही मंडळी बोलायला लागली की थांबत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

परवा आजीला करेरीची सगळी गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढ्या लांबून आला, नि हवाच खाऊन गेला?"

म्हटलं, नाही आजी, जाताना लिहून गेला. आता पुढचं आपण लिहायचं.