डिस्क ड्राइव्हच्या दुरुस्तीची कुळकथा

मिनीकॉम्प्युटरचा डिस्क ड्राइव्ह कसा तपासावा, याचे बहुतेक नियम वाचन-लेखन करणारे हेड आणि फिरती तबकडी यांमधल्या हवेच्या पातळ थराशी जोडलेले आहेत. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक या यंत्राबरोबर पहिला डिस्क ड्राइव्ह आणला. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. हेड तबकडीला टेकू नये म्हणून कॉम्प्रेसरची हवा सोडावी लागे. १९६१ च्या १३०१ ड्राइव्हमध्ये फिरत्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेवरच हेड तरंगू लागले. मधले अंतर घटले, तसा धुळीचा धोका वाढला.

१९६२ मध्ये १३११ ड्राइव्हबरोबर काढता-घालता येणारा डिस्क पॅक आला. एका ड्राइव्हवर लिहिलेला पॅक दुसऱ्यावर वाचता यावा, यासाठी सगळ्यांची हेड एकाच मापाला बसवणे भाग पडले. हेड अलाइनमेंटचे काम असे सुरू झाले.

पीडीपी-८ आणि पीडीपी-११ या मिनीकॉम्प्युटरना जोडला जाणारा आरके०५ (१९७२) हा या पिढीचा नमुना. त्यात १४ इंची एकच तबकडी, मिनिटाला १,५०० फेरे आणि सुमारे अडीच मेगाबाइट साठवण. अलाइनमेंटसाठी नमुन्याचे संकेत लिहिलेले खास कार्ट्रिज (पेटीबंद तबकडी) चढवून ते बराच वेळ फिरू देत, कारण तापमानाबरोबर धातूचे माप बदलते. मग ऑसिलोस्कोपवर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंच्या संकेतांची उंची सारखी होईपर्यंत हेडचा स्क्रू अलगद फिरवत.

निदान लक्षणावरून होई. ड्राइव्ह स्वतःचे लिखाण वाचतो, पण दुसऱ्याचे वाचत नाही, तर दोष बहुधा अलाइनमेंटचा. दोन्ही वाचत नसेल, तर आधी वीजपुरवठ्याचे व्होल्टेज, मग केबल, हेड आणि सर्किट तपासायचे. करकर ऐकू आली की ड्राइव्ह ताबडतोब बंद करायचा. हेड तबकडी खरवडत असल्याची ती खूण. संशयित पॅक दुसऱ्या ड्राइव्हवर लावून पाहण्यास सक्त मनाई असे. खरवडलेली तबकडी चांगले हेड बिघडवते आणि ते हेड पुढचा चांगला पॅक नासवते. दोष साथीसारखा पसरतो.

भारतात १९७८ मध्ये आयबीएमने कारभार गुंडाळला आणि तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. त्या काळात कॉम्प्युटरच्या वातानुकूलित खोलीबाहेर चपला काढण्याचा रिवाज होता. त्यामागेही धुळीचीच धास्ती होती.

धुळीवरचा उपाय त्याआधीच निघाला होता: १९७३ च्या आयबीएम ३३४० या विंचेस्टर ड्राइव्हने हेड आणि तबकड्या एकाच बंद पेटीत ठेवल्या. जे हेड लिही, तेच वाची. त्यामुळे हाताने करायच्या अलाइनमेंटची गरज संपली. मात्र जतन केलेल्या आरके०५ ला जुनी शिस्त अजून लागू आहे आणि वयाचे दोषही त्यात भरीला आले आहेत. हवेच्या मार्गातला फोम भुगा होऊन तबकडीवर येतो. वीज गेल्यास हेड मागे खेचणारी निकेल-कॅडमियम बॅटरी गळते. म्हणून फोम, फिल्टर आणि बॅटरी बदलून, हेड स्वच्छ करून मगच तबकडी फिरवतात.