दंडातली काडी आणि ती काढून घेण्याचा हक्क

गर्भनिरोधक इम्प्लांटविषयी स्त्रिया जे प्रश्न विचारतात ते साधेच असतात. ते कुठे बसवतात? किती वर्षे चालते? पाळी बिघडेल का? आणि नकोसे झाले तर काढता येईल का? यांतल्या शेवटच्या प्रश्नामागे चार दशकांचा इतिहास आहे.

सिलिकॉन रबराच्या नळीतून संप्रेरक अतिशय संथ गतीने झिरपते, या गुणधर्माचा उपयोग करून शेल्डन सेगल आणि चिलीचे होरासिओ क्रोक्साटो यांनी १९६०च्या दशकात इम्प्लांटची कल्पना पुढे नेली. त्यातून ‘नॉरप्लांट’ तयार झाले. दंडाच्या त्वचेखाली बसवायच्या सहा बारीक नळ्या, आत लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि परिणाम पाच वर्षांचा, असे त्याचे स्वरूप होते. १९८३ साली फिनलंडने व डिसेंबर १९९०मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

बसवणे काही मिनिटांचे काम होते. काढणे मात्र तितके सोपे नव्हते, कारण सहाही नळ्यांभोवती शरीर तंतुमय आवरण तयार करते. बांगलादेशातील चाचण्यांत अनियमित रक्तस्रावाने त्रासलेल्या स्त्रियांनी मागणी करूनही नळ्या काढून दिल्या गेल्या नाहीत, अशा तक्रारी तेथील कार्यकर्त्यांनी नोंदवल्या. अमेरिकेत मान्यतेनंतर महिन्याभरातच कॅलिफोर्नियातील एका न्यायाधीशाने आरोपी स्त्रीच्या शिक्षेत नॉरप्लांटची अट घातली. अशा सक्तीला खुद्द सेगल यांनी जाहीर विरोध केला.

भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नॉरप्लांटच्या चाचण्या घेतल्या. पण त्या काळचे वातावरण संशयाचे होते. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या. १९८५ साली आंध्र प्रदेशातील पटानचेरू येथे ‘नेट-एन’ या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी सुरू झाली, तेव्हा स्त्रियांना पुरेशी माहिती दिलेली नाही, हे स्त्री संघटनांनी उघड केले आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांचा आक्षेप केवळ रसायनावर नव्हता. सरकारी आरोग्यव्यवस्थेत स्त्रीचा नकार ऐकला जाईल का, हा त्यांचा मूळ सवाल होता. इंजेक्शन निदान काही महिन्यांत ओसरते. इम्प्लांट मात्र दुसऱ्या कुणी काढल्याशिवाय निघत नाही.

आजचे इम्प्लांट एकच काडी असते. सुमारे चार सेंटिमीटर लांबीच्या या काडीत ६८ मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल असते. ते बीजविमोचन रोखते, गर्भाशयमुखातील स्राव घट्ट करते आणि किमान तीन वर्षे काम करते. अपयशाचे प्रमाण शंभरात एकाहूनही खूप कमी आहे. पाळीचे चक्र मात्र अनेकींमध्ये बदलते. काही जणींना वारंवार रक्तस्राव होतो, तर काहींची पाळी थांबते. काडी काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लवकर परतते. एचआयव्हीसारख्या लैंगिक संसर्गांपासून मात्र तिने संरक्षण मिळत नाही.

२०२३ पासून बिहार, कर्नाटक यांसारख्या राज्यांतील निवडक जिल्ह्यांत सरकारी कार्यक्रमातून ही काडी उपलब्ध होऊ लागली. तिचे यश मोजताना किती जणींना ती बसवली, एवढी नोंद पुरेशी नाही. काढून मागितल्यावर कारण न विचारता, जवळच्याच केंद्रात आणि प्रशिक्षित हातांनी ती किती जणींना काढून मिळाली, हा आकडाही तितक्याच ठळकपणे मांडला गेला पाहिजे.