जपानची कुलचिन्हे

राष्ट्राचा इतिहास केवळ बखरींत आणि तहनाम्यांतच असतो असे नव्हे. तो लोकांच्या अंगावरील वस्त्रांतही असतो. जपानमधील ‘कामोन’, म्हणजे कुलचिन्हे, हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

हेइआन काळाच्या उत्तरार्धात क्योतो येथील दरबारी सरदार आपल्या बैल जुंपलेल्या रथांवर व वस्त्रांवर ओळखीसाठी ठराविक आकृती काढू लागले. पुढे योद्ध्यांनी त्या निशाणांवर घेतल्या. कारण रणधुमाळीत आपला कोण व परका कोण हे दुरूनच कळणे अगत्याचे होते. सम्राट गो-तोबा (राज्यकाल ११८३–११९८) यास शेवंती प्रिय होती. तीच राजघराण्याचे चिन्ह झाली. ‘किरी’ वृक्षाची पानेफुले सम्राट बहुमान म्हणून देत. ती तोयोतोमी हिदेयोशी यासही लाभली, आणि आज ती जपानी शासनाचे चिन्ह आहेत.

या आकृतींत वनस्पतींचे प्राबल्य आहे. बहुधा एका वर्तुळात सामावलेली, एकाच रंगाने उठून दिसणारी अशी त्यांची घडण असते. कापड रंगविताना चिन्हाची जागा कोरी राखतात. अत्यंत औपचारिक पोशाखावर पाठीवर एक, बाह्यांमागे दोन व छातीवर दोन अशी पाच चिन्हे असतात. विशेष हे की, आपल्या अंगणातही उगवणारी आंबुशी तेथे अत्यंत लोकप्रिय कुलचिन्ह ठरली. हे तण एकदा रुजले की उपटता उपटत नाही. आपला वंशही तसाच चिवट असावा, ही त्यामागील भावना.

परंतु आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच. एदो काळात (१६०३–१८६८) सामान्य जनांस उघडपणे आडनाव लावण्याची मनाई होती. कुलचिन्हास मात्र नव्हती. तोकुगावांची ‘आओई’ची तीन पाने तेवढी वर्ज्य, एरव्ही व्यापारी, कारागीर, नटदेखील आपले चिन्ह मिरवीत. आडनावाची मोकळीक १८७० साली मिळाली व १८७५ साली त्याची सक्ती झाली. तोवर कित्येक घरांची जाहीर ओळख कापडावरील त्या पांढऱ्या वर्तुळातच होती.

वर्गात आम्ही राजांची नावे व लढायांचे सन पाठ करून घेतो. ज्यांस नाव लावण्याचीच मुभा नव्हती, त्यांनीही आपली खूण मागे ठेवली आहे. ती वाचावयास शिकविणे हेही इतिहासशिक्षकाचे कर्तव्य नव्हे काय?