दुसऱ्या संसाराची कुळकथा

तिचा नवरा गेलेला असतो. पदरात लहान मूल, डोक्यावर घराचं कर्ज, आणि कुणाशी बोलायचीही इच्छा उरलेली नाही. मग बदली होऊन शाळेत नवे मुख्याध्यापक येतात, किंवा समोरच्या बिऱ्हाडात कुणी विधुर डॉक्टर राहायला येतो. दोनेकशे पानांत ती पुन्हा हसू लागते. अशा कादंबऱ्या दुपारच्या निवांत वेळी वाचल्या जातात, एसटीत वाचल्या जातात, दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत वाचल्या जातात. समीक्षक त्यांच्याकडे सहसा फिरकत नाहीत. मला त्या मनापासून आवडतात, आणि त्यांचं कूळ फार थोर आहे असं माझं मत आहे. कारण मराठी कादंबरी जन्माला आली तीच मुळी ही गोष्ट सांगत.

पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. लेखक बाबा पदमनजी. जन्म १८३१चा, बेळगावचा. १८५४ साली ते ख्रिस्ती झाले आणि पुढे आयुष्यभर लिहीत राहिले. पुस्तकाच्या लांबलचक नावातच हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचं निरूपण करायचं आहे असं सांगून टाकलेलं आहे. यमुना ही शिकलेली तरुणी आपल्या नवऱ्याबरोबर, विनायकाबरोबर प्रवास करते. वाटेत ठिकठिकाणी विधवा भेटतात. कुणाचं केशवपन झालेलं, कुणी घरच्यांच्या छळानं खंगलेली, कुणी फसवली गेलेली. यमुना ऐकत जाते, दोघं त्यावर बोलत जातात. मग विनायकच मरण पावतो, आणि जे दुरून पाहिलं ते यमुनेच्याच वाट्याला येतं. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी लग्न करते.

पुस्तक धर्मप्रचारासाठी लिहिलेलं आहे, हे लपत नाही. दुसरा नवरा शेवटी शेवटी येतो आणि त्याची आपली नीट ओळखही होत नाही. तरीही या पुस्तकातली एक गोष्ट मला अतिशय धाडसी वाटते. यमुनेचं विनायकावर प्रेम होतं. तो चांगला नवरा होता, तिच्याशी बरोबरीनं बोलणारा, तिला सोबत घेऊन हिंडणारा. त्याच्या जाण्याचं दुःख खरं आहे, आणि तरीही ती पुन्हा संसार मांडते. या दोन्ही गोष्टी एका बाईच्या आयुष्यात एकत्र नांदू शकतात, असं पदमनजींनी सव्वीसाव्या वर्षाच्या आसपास लिहून ठेवलं. पुढच्या मराठी लेखकांना हे पचवायला फार वर्षं लागली.

प्रेमकथेची सुरुवात विधवेपासून व्हावी याला कारणही तसंच होतं. मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी उरकायचं, तर प्रेमात पडायला जागा कुठे उरते? ‘मंजुघोषा’ ही १८६८ सालची नारो सदाशिव रिसबूड यांची कादंबरी. तिच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी ही अडचण अगदी मोकळेपणानं मांडली आहे: आपल्या लोकांची लग्नाची रीत अशी आहे की त्यांच्या खऱ्या आयुष्यात कादंबरीजोगं मनोरंजक काही घडतच नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावं लागतं. म्हणूनच त्या काळच्या प्रेमकथा कल्पनेतल्या राज्यांत घडतात. राजकन्येला वय वाढू देण्याची मुभा होती. वाड्यातल्या सोवळ्या घरच्या मुलीला नव्हती.

त्या घरांत वयानं वाढलेली आणि तरीही बिनजोडीदाराची अशी एकच बाई असे, ती म्हणजे विधवा. स्वयंपाकघरात राबणारी, लाल आलवणातली, मंगलकार्यात मागच्या दारी बसणारी. मराठी लेखकाला खऱ्या घरातली प्रेमकथा लिहायची, तर नायिका तिलाच करावं लागणार होतं. दुःखातून पुन्हा प्रेमाकडे जाणारी गोष्ट ही आपल्याकडे प्रेमकथेची उपशाखा नव्हे, तो तिचा मूळ पुरुष आहे, असं मी म्हणतो ते याच कारणानं.

कायदा कादंबरीच्या एक वर्ष आधी आला होता. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीतून १८५६ साली विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. त्यात एक कलम असं की पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो. कायद्याच्या लेखी ती त्याच्यापुरती मेलीच समजायची. इकडे विष्णुशास्त्री पंडितांनी विद्यासागरांचं पुस्तक मराठीत आणलं, मंडळ काढलं, आणि १८६९ साली मुंबईत वेणूबाई आणि पांडुरंग विनायक करमरकर यांचा पुनर्विवाह लावला. शंकराचार्यांपर्यंत वाद गेला, पुण्यात शास्त्रार्थ झाला, सुधारकांवर बहिष्कार पडला. आणि याच सुधारकांपैकी न्यायमूर्ती रानडे यांची पत्नी १८७३ साली वारली, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी विधवेशी लग्न न करता अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. पुढे रमाबाईंनी लिहिलेल्या आठवणी म्हणजे मराठीतलं एक निखळ प्रेमाचं पुस्तक आहे. पण त्या लग्नाच्या वेळी समाजाची भीती किती मोठी होती, तेही त्यातून कळतं.

खरी कादंबरी घडली ती धोंडो केशव कर्वे यांच्या घरात. त्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली गेली. मुलगा रघुनाथ तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा. कर्व्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालविधवा होती. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडलं, आणि तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत ही गोदूबाई होती. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ला, तिचं आणि कर्व्यांचं लग्न झालं आणि ती आनंदीबाई झाली. यात लपूनछपून भेटणं नाही, चिठ्ठ्या नाहीत. गोदूबाईचे वडील कर्व्यांना सहज विचारतात की पुन्हा लग्न करायचा विचार आहे का. कर्वे सांगतात, केलं तर विधवेशीच. मग मुलीला विचारलं जातं. नवरदेव विधुर, नवरी विधवा, घरात आईवेगळं पोर. नंतर नवदांपत्य कोकणात मुरूडला गेलं तर गावानं वाळीत टाकलं, आणि घरच्यांनी त्यांच्याशी संबंध ठेवला तर घरालाही वाळीत टाकू असं बजावलं. आनंदीबाईंनी हे सगळं म्हातारपणी ‘माझे पुराण’मध्ये सांगितलं, ते १९४४ साली छापलं गेलं. त्यांचा सूर इतका रोखठोक आहे की आपल्या आयुष्यात फार काही विलक्षण घडलं असं त्यांना वाटत असल्याचं जाणवतच नाही. राधाबाईंचा रघुनाथ पुढे ‘समाजस्वास्थ्य’चा संपादक झाला, संततिनियमनासाठी आयुष्यभर झगडला.

गंमत अशी की कर्व्यांचं हे लग्न जुळत होतं त्याच वर्षांत हरिभाऊ आपटे ‘करमणूक’मधून हप्त्याहप्त्यानं ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहीत होते. त्यांच्याही नायिकेचं नाव यमू. पदमनजींच्या यमुनेची ती धाकटी बहीणच म्हणायची, पण तिचं नशीब उलटं. हरिभाऊंनी यमूला तिच्या स्वतःच्या तोंडून बोलू दिलं. नवऱ्यानं तिला वाचायला शिकवणं, त्या दोघांची मुंबईतली थोडीशी मोकळी वर्षं, एकमेकांशी हलक्या आवाजात चाललेलं बोलणं, हे सारं त्यांनी इतक्या जवळून दाखवलं की मराठीत नवराबायकोचं प्रेम प्रथमच खरं वाटलं. मग नवरा जातो. घरात तिला धरून बळजबरीनं तिचे केस काढले जातात. त्या प्रकरणानंतर यमूला उभं राहण्यासाठी लेखक काहीच ठेवत नाही. ती खंगून मरते. पदमनजींकडे दुसरं लग्न होतं, पण त्यातलं प्रेम दिसत नव्हतं. हरिभाऊंकडे प्रेम दिसलं, तर दुसऱ्या लग्नाची वाट बंद झाली. दोन्ही एकत्र आणणारं पुस्तक कुणीतरी लिहायला हवं होतं.

ते लगेच लिहिलं गेलं नाही, कारण लेखकांना एक पळवाट सापडली. विधवा दाखवायची, पण तिनं नवऱ्याचं तोंडही धड पाहिलेलं नसावं. गडकऱ्यांच्या ‘प्रेमसंन्यास’मधली लीला बालविधवा, ‘एकच प्याला’तली शरदही बालविधवा. मामा वरेरकरांच्या १९२८ सालच्या कादंबरीचं नावच ‘विधवाकुमारी’. विधवा म्हणायची आणि कुमारी ठेवायची, म्हणजे वाचकाला तिच्या दुसऱ्या लग्नाला नाही म्हणवत नाही. सुधारणेच्या लढाईत हा डाव हुशारीचा होता आणि त्यानं माणसं वळलीही असतील. पण त्यात दुःख हरवलं. जिला पहिला नवरा आठवतच नाही तिला सावरायचं तरी कशातून? जिचं एकदा जिवापाड प्रेम होतं तिला दुसऱ्यांदा प्रेम करू देणं, हे अवघड काम सगळ्यांनी बाजूला ठेवलं. वामन मल्हार जोशी पुनर्विवाहाच्या प्रश्नाला भिडले, पण १९१६च्या ‘आश्रमहरिणी’त त्यांनी तो उचलून पुराणकाळातल्या आश्रमात नेला. पुन्हा तेच: आपल्या घरात घडवता येत नाही, तर दूर कुठेतरी घडवायचं.

आणि ही सगळी घालमेल चालू असताना शेजारच्या आळीत पाट लागत होते. कुणबी, माळी, धनगर, कितीतरी जातींत विधवेचं दुसरं लग्न हा पूर्वापार रिवाज होता. कुठे त्याला पाट म्हणत, कुठे मोहतूर. पेशवाईत त्यावर पाटदाम नावाचा कर घेतला जाई, इतकी ती रुळलेली गोष्ट. त्या लग्नालाही मान कमीच. विधी थोडके, बहुतेकदा रात्रीच्या अंधारात, सवाष्णी दूर. पण बाईचं आयुष्य तिथे थांबत नसे. शिवाय मृत माणसाला दुसरेपणाच्या संसारात जागा देण्याची रीतही या समाजांत होती. दुसरेपणाची बायको गळ्यात सवतीचा टाक घाली. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती. नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. त्यात मृत सवतीच्या कोपाची भीती होती हे खरं. पण तिच्या संसारात मी आले आहे, ही कबुलीही होती, रोज अंगावर वागवलेली. पांढरपेशा कादंबरीकाराच्या हाताशी हे सगळं होतं, आणि त्याला ते दिसलं नाही, याची मला खंत वाटते. मात्र हेही सांगायला हवं की टाक सवतीचा असे. पहिल्या नवऱ्याची आठवण दुसऱ्याच्या घरात उघडपणे मिरवण्याची मुभा बाईला क्वचितच मिळे.

१९२९चा शारदा कायदा मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ वर घेऊन आला, शहरांतून मुली कॉलेजात जाऊ लागल्या, आणि कादंबरीकारांना हवी असलेली वाढत्या वयाची अविवाहित नायिका अखेर घरात मिळाली. ना. सी. फडक्यांच्या नायकांना विधवेची गरज राहिली नाही. जिनं प्रेमकथेला जन्म दिला तीच बाजूला पडली. तेवढ्यात, १९३४ साली, विभावरी शिरूरकर या नावानं ‘हिंदोळ्यावर’ आली. लेखिका होत्या त्याच धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्यातल्या संस्थेत शिकलेल्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यांची अचला विधवा नाही, नवऱ्यापासून दुरावलेली आहे. पण पहिला संसार मोडल्याची जखम घेऊन पुन्हा कुणाच्या तरी जवळ जाणारी बाई मराठीत इतक्या स्पष्टपणे प्रथमच उभी राहिली, आणि ती एका बाईनं उभी केली. आनंदीबाईंच्या घरापासून अचलेपर्यंत हिंगण्याचा हा धागा मला फार मोलाचा वाटतो.

त्यानंतर हा वारसा मासिकांतून, दिवाळी अंकांतून, वाचनालयांच्या फळ्यांवरून पुढे चालत आला, बहुतांशी बायकांनी लिहिलेल्या आणि बायकांनी वाचलेल्या पुस्तकांतून. १८५६चा कायदा १९८३ साली रद्द झाला, कारण नव्या हिंदू कायद्यांनंतर त्याचं काम उरलं नव्हतं. पण २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. राज्य सरकारनं तो बाकीच्या गावांपुढे ठेवला.

म्हणून अशी एखादी कादंबरी हाती आली की मी आधी पहिला नवरा कुठे आहे ते पाहतो. चांगल्या लेखिकेनं त्याला वाईट केलेलं नसतं, विसरूनही टाकलेलं नसतं. हार घातलेला त्याचा फोटो भिंतीवर असतो, आणि नवा माणूस घरात येतो तेव्हा तो काढायचा की राहू द्यायचा यावर एक प्रकरण खर्च होतं. मुलानं त्याला काका म्हणायचं की बाबा, यावर आणखी दोन. सासूनं स्वतः पुढाकार घेऊन सुनेचं लग्न लावायचं असेल तर बहुधा तीन. ही प्रकरणं सावकाश लिहिलेली असतात, आणि मी ती कधीच चाळून पुढे जात नाही.