रंगूनहून आलेला खावसा

इतिहास म्हटला की आपल्याला तख्त, तह आणि लढाया आठवतात. दस्तरखानावरच्या पदार्थाला कोणी दस्तऐवज मानत नाही. परंतु ज्यांचे कागदपत्र वाटेतच गहाळ झाले, अशा माणसांचा इतिहास पुष्कळदा त्यांच्या स्वयंपाकघरात उरलेला असतो. सुरतेच्या रांदेर भागातील सुन्नी वोहरा आणि कराचीतील मेमन यांच्या घरी शिजणारा 'खावसा' हा असाच एक दस्तऐवज आहे, असे आम्हांला वाटते.

खावसा म्हणजे नूडल्सवर वाढलेला कोंबडीचा किंवा गोश्तचा तिखट रस्सा. मूळ ब्रह्मी शब्द 'खाउ स्वे', म्हणजे नूडल्स. नारळाच्या दुधातल्या प्रकाराला तिकडे 'ओन नो खाउ स्वे' म्हणतात. त्यातल्या गव्हाच्या नूडल्स चिनी वळणाच्या, तर रस्सा दाट करणारे बेसन आपल्याकडचे. या घडणीत मुसलमानांचाही हात आहे. युन्नानहून खेचरांचे तांडे घेऊन येणाऱ्या चिनी मुसलमानांना ब्रह्मदेशात 'पंथे' म्हणत. १८७३ मध्ये युन्नानमधला त्यांचा उठाव चिरडला गेला आणि अनेकांनी ब्रह्मदेशात आश्रय घेतला. हलाल कोंबडीचा मसालेदार 'पंथे खाउ स्वे' आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मराठी वाचकाला ब्रह्मदेश आठवतो तो दोन कैदी राजांमुळे. बहादूरशहा जफर १८६२ मध्ये रंगूनला वारले आणि थिबा राजा १९१६ मध्ये रत्नागिरीत. पण या राजांखेरीज किती तरी साधी माणसे हा समुद्र ओलांडत होती. १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. रंगूनला जाणे म्हणजे परदेशी जाणे नव्हते. १९३१ च्या शिरगणतीत रंगूनची निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी होती. सुरती आणि मेमन व्यापाऱ्यांच्या तेथे पेढ्या होत्या.

२३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर जपानी बॉम्ब पडले आणि ८ मार्च १९४२ रोजी शहर पडले. लाखो हिंदी माणसे आराकान, मणिपूर आणि आसामच्या वाटांनी पायी निघाली. हजारो वाटेतच मेली. युद्धानंतर काही जण परतले, काही तेथेच टिकून होते. १९६२ मध्ये जनरल ने विन सत्तेवर आला. १९६४ मध्ये दुकाने सरकारजमा झाली, पन्नास आणि शंभर क्यातच्या नोटा रद्द झाल्या. त्या दशकात सुमारे तीन लाख हिंदी लोकांनी देश सोडला. पेढी, घर, दागिने मागे राहिले. हातची चव मात्र कोणत्याही जकात नाक्यावर काढून घेता आली नाही.

ती चव नव्या गावात नव्या सामानाशी जुळवून घेत गेली. कांदा, आले, लसूण, हळद आणि लाल तिखट तेलात परतून त्यात कोंबडी शिजवायची. दुसऱ्या भांड्यात बेसन गुठळी न होऊ देता कालवून नारळाच्या दुधात मंद आचेवर ढवळत राहायचे. जोराची उकळी आली तर दूध फुटते, हे कोकणातल्या बायकांना सांगायला नको. ब्रह्मी रस्स्यातले मासळीचे खारे पाणी इथे गळाले. नूडल्सच्या जागी पुष्कळ घरांत स्पॅगेटी आली. वरून उकडलेले अंडे, कच्चा कांदा, कोथिंबीर, तळलेला लसूण, समोशाच्या पापडीच्या कुरकुरीत पट्ट्या आणि लिंबू. ज्याने त्याने आपल्या ताटलीत आपल्या आवडीप्रमाणे घ्यायचे.

१९८२ मध्ये ब्रह्मदेशाने नागरिकत्वाचा कायदा केला. १८२३ पूर्वीपासून तेथे वसलेल्या जमाती तेवढ्या मुळच्या ठरल्या. बाकीच्यांकडे कागद मागण्यात आले. कोण कुठला हे कागदावरून ठरवण्याचा हट्ट आपल्यालाही अपरिचित नाही. खावशाला मात्र असा एकच मूळ गाव दाखवता येत नाही. त्याच्या एका वाडग्यात युन्नान, मंडाले, रंगून आणि रांदेर एकत्र नांदतात. आपल्या मोहल्ल्यांत रंगूनची आठवण सांगणाऱ्या आजी-नानी आता फार थोड्या उरल्या आहेत. त्यांच्याकडून पदार्थाची कृती उतरवून घेताना तो घरात कधी आणि कुणामुळे आला, हेही विचारून घ्यावे. आपल्या इतिहासाची ती पाने दुसरे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.