आजचा आकडा, उद्याचा आकडा

मायकेल लुईस यांचे बेसबॉलवरचे पुस्तक 'मनीबॉल' २००३ साली आले, २०११ मध्ये त्यावरचा ब्रॅड पिटचा चित्रपट आला, आणि बेसबॉलचा 'ब'ही ठाऊक नसलेल्यांच्या तोंडी एक सिद्धान्त रुळला. नवे खेळाडू हेरणाऱ्या जुन्या स्काउटांची नजर ही निव्वळ अंधश्रद्धा. खरे काय ते आकड्यांत. म्हणून शाळकरी पोरावर पैसे लावणे हा जुगार आणि कॉलेजात खेळून आकडे कमावलेला खेळाडू घेणे हा शहाणपणा. व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत आणि क्रिकेटच्या लिलावावरच्या गप्पांत हे आता सिद्ध झालेले प्रमेय म्हणून सांगितले जाते. या प्रमेयाचा पहिला भाग अर्धसत्य आहे आणि दुसरा इतिहासापुढे टिकत नाही.

पूर्वपक्ष मात्र पोकळ नाही, म्हणून तो आधी नीट मांडू. अमेरिकेत १९६५ पासून मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावरचे संघ दरवर्षी 'ड्राफ्ट'मध्ये आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. हायस्कूल संपवलेला मुलगा तिथे थेट निवडला जाऊ शकतो; तो चार वर्षांच्या कॉलेजात गेला, तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा पात्र ठरतो. १९८०च्या दशकात बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी जुन्या ड्राफ्टांचा हिशेब मांडून दाखवले की, कॉलेजमधून घेतलेले खेळाडू शाळेतून घेतलेल्यांपेक्षा संघाला जास्त देऊन जातात. अपयशाची उदाहरणेही ठसठशीत आहेत. १९९१ मध्ये यँकीजनी नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्रायन टेलर या शाळकरी डावखुऱ्या पिचरला सर्वांत आधी निवडले आणि १५ लाख ५० हजार डॉलर दिले. मैदानाबाहेरच्या मारामारीत त्याचा खांदा गेला. मेजर लीगचा एकही सामना तो खेळला नाही. आणि 'मनीबॉल'चा नायक बिली बीन हा तर या सिद्धान्ताचा चालताबोलता पुरावा. सॅन डिएगोच्या माउंट कार्मेल हायस्कूलमधला हा उंचापुरा, वेगवान मुलगा पाहून स्काउट वेडे झाले. १९८० मध्ये मेट्सनी त्याला २३व्या क्रमांकावर घेतले. मेजर लीगमध्ये तो १४८ सामने खेळला, बॅटिंग सरासरी .२१९ आणि होम रन अवघे ३. हाच बीन पुढे ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा जनरल मॅनेजर झाला आणि ज्या नजरेने त्याला निवडले, त्या नजरेवरच त्याने खटला भरला.

आता साक्षीपुरावे तपासू, तेही फिर्यादीच्याच घरचे. २००२ चा ड्राफ्ट हा 'मनीबॉल'चा कणा. त्या वर्षी ओकलंडच्या वाट्याला सुरुवातीच्या ३९ निवडींपैकी ७ आल्या होत्या आणि सातही त्यांनी कॉलेजच्या खेळाडूंवर खर्च केल्या. १६व्या क्रमांकावर निक स्विशर, २४व्यावर जो ब्लँटन. दोघेही चांगले निघाले, हे मान्यच केले पाहिजे. मार्क टीहननेही नाव काढले. पण पुस्तकात ज्याचा सर्वाधिक गाजावाजा झाला, तो अलाबामा विद्यापीठाचा कॅचर जेरेमी ब्राउन मेजर लीगमध्ये ५ सामने खेळून थांबला आणि उरलेले तिघे तिथवर पोचलेच नाहीत. स्विशरच्या लगेच पुढची निवड फिलाडेल्फियाची होती. त्यांनी कोल हॅमल्स हा शाळकरी पिचर घेतला, ज्याचा डावा दंड शाळेत असतानाच मोडला होता. २००८ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. ब्लँटनच्या लगेच पुढची निवड सॅन फ्रान्सिस्कोची. त्यांनी घेतलेल्या मॅट केन या शाळकरी पिचरने २०१२ मध्ये परफेक्ट गेम टाकला, म्हणजे संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा एकही बॅटर पहिल्या बेसपर्यंत पोचू दिला नाही. झॅक ग्रेंकी, प्रिन्स फील्डर, जोई व्होटो, जॉन लेस्टर, ब्रायन मॅककॅन हे सगळे त्याच ड्राफ्टमधले आणि सगळे थेट शाळेतून आलेले. आणि त्या वर्षी सर्वांत आधी निवडला गेला होता कॉलेजचा 'खात्रीचा' पिचर ब्रायन बुलिंग्टन. मेजर लीगमध्ये त्याच्या नावावर १ विजय आणि ९ पराभव आहेत.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही सोयीची नावे वेचलीत. आक्षेप रास्त आहे. एका वर्षावरून सिद्धान्त उभा राहत नाही. पण मग एका वर्षावरून आणि एका बीनवरून उभारलेला सिद्धान्तही पडला पाहिजे. शिवाय ज्या २००२ च्या संघाचे पुस्तकात गुणगान आहे, त्यातला अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक) त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू मिगेल तेहादा डोमिनिकन रिपब्लिकमधून किशोरवयातच घेतलेला होता, आणि तिसऱ्या बेसवरचा एरिक चावेझ १९९६ मध्ये थेट शाळेतून निवडलेला. तोही बीनच्याच माउंट कार्मेलमधून. २००१ मध्ये आपल्या स्काउटांनी जेरेमी बॉन्डरमन हा कोवळा पिचर निवडला, म्हणून बीनने खुर्ची भिंतीवर भिरकावल्याचा प्रसंग पुस्तकात रंगवून सांगितला आहे. पुढच्याच वर्षी बॉन्डरमनला डेट्रॉइटला देऊन टाकले गेले. २००६ मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत ज्या चौथ्या सामन्याने ओकलंड बाद झाले, त्यात डेट्रॉइटकडून सुरुवातीची पिचिंग बॉन्डरमननेच केली.

नावे बाजूला ठेवून मुद्द्यावर येऊ. शाळकरी खेळाडूचे आकडे असतात तरी काय? .५०० ची सरासरी कोणाविरुद्ध? समोरचा पिचर ताशी ७५ मैलांनी टाकणारा, पुढच्या वर्षी बेसबॉल सोडून अकाउंटन्सी शिकणारा मुलगा असू शकतो. गावच्या जत्रेत नारळावरच्या कुस्त्या मारणाऱ्या पोराचा हिशेब महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात जितका उपयोगाचा, तितकाच हा आकडा. म्हणून तिथे स्काउट आकडा वाचत नाही, आकडा तयार करतो.

तो कसा, हे जवळून पाहण्यासारखे आहे. चांगला स्काउट सामन्याआधी तासभर मैदानावर असतो, कारण सामन्यात शॉर्टस्टॉपकडे चेंडू दोनदाच येईल, सरावात वीसदा येतो. होम प्लेटच्या मागे बसून तो पिचरच्या चेंडूचे वळण पाहतो. मग उठून पहिल्या बेसच्या बाजूला जातो, कारण उजव्या बॅटरचे हात आणि कंबर तिथून उघडी दिसतात. बॅट चेंडूला लागताच स्टॉपवॉच सुरू होते: उजव्या बॅटरने ९० फुटांवरचा पहिला बेस ४.३ सेकंदांच्या आसपास गाठला, तर तो मेजर लीगच्या सरासरीचा धावपटू. कॅचरचा चेंडू दुसऱ्या बेसवर २ सेकंदांत पोचला, तर हात सरासरीचा. फटकावणे, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण या पाच गुणांना २० ते ८० च्या पट्टीवर गुण मिळतात. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी आणि दर १० गुण म्हणजे संख्याशास्त्रातले एक प्रमाण विचलन. मुख्य गोष्ट अशी की, प्रत्येक गुणापुढे तो दोन आकडे लिहितो, एक आजचा आणि एक उद्याचा. सतरा वर्षांच्या मुलाची ताकद आज ३०, उद्या ६०. धावफलकाला फक्त पहिला आकडा माहीत असतो. दुसऱ्यासाठी मनगटे पाहावी लागतात, खांद्यांची रुंदी पाहावी लागते, बापाची उंची पाहावी लागते, आणि तीनदा बाद झाल्यावर पोरगा चौथ्यांदा बॅट घेऊन कसा उभा राहतो तेही पाहावे लागते. याला अंधश्रद्धा म्हणणाऱ्याने ही पट्टी कधी पाहिलेलीच नाही.

माइक ट्राउटचे उदाहरण यासाठीच घ्यायचे. न्यू जर्सीतले मिलव्हिल. तिथला वसंत थंड, सामने कमी, प्रतिस्पर्धी बेताचे. अनेक संघांनी शंका घेतली. एंजल्सचे स्काउट ग्रेग मोरहार्ट हे ट्राउटच्या वडिलांबरोबर मायनर लीगमध्ये खेळलेले होते. त्या घराण्याची ताकद आणि वेग त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. २००९ मध्ये एंजल्सनी त्याला २५व्या क्रमांकावर घेतले, तेव्हा त्याला अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. २०१४, २०१६ आणि २०१९ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मग बिल जेम्स चुकले होते का? नाही. त्यांचा निष्कर्ष त्या काळाच्या भावांविषयी होता. तेव्हा बाजार शाळकरी मुलांना अवाजवी किंमत देत होता, म्हणून कॉलेजचा माल स्वस्त होता. हे उघड झाल्यावर बाजार सुधारला. २००५ मध्ये बेसबॉलचे विश्लेषक रॅनी जझायर्ली यांनी नंतरच्या ड्राफ्टांचा हिशेब केला, तेव्हा कॉलेजची आघाडी बरीचशी ओसरलेली दिसली. २०११ मध्ये त्यांनीच दाखवले की, शाळकरी बॅटरांमध्ये निवडीच्या वेळी जे वयाने लहान असतात, ते आपल्या क्रमांकाच्या मानाने पुष्कळ जास्त देतात. म्हणजे आकड्यांनीच कोवळ्या वयाची बाजू घेतली. बीनला हे कळले नसते तरच नवल! २००५ मध्ये ओकलंडने शाळकरी पिचर घ्यायला सुरुवात केली आणि २०१२ मध्ये तर आपली पहिलीच निवड अ‍ॅडिसन रसेल या शाळकरी शॉर्टस्टॉपवर खर्च केली. गुरूने मत बदलले. शिष्य अजून जुनी पोथी वाचत आहेत.

या पोथीतून आता नवी चूक जन्मली आहे: नजर नको, यंत्र हवे. भारतीय वाचकांनी हा प्रयोग जवळून पाहिला आहे. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेतून, मुख्यतः चेंडूचा वेग मोजून, उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पिट्सबर्गशी करारबद्ध झाले. पोरे कष्टाळू होती, पण मेजर लीगपर्यंत कोणीही पोचले नाही. अमेरिकेत तर वेग मोजून घेण्याची शिबिरे शाळकरी मुलांसाठी वर्षभर चालतात, आणि हाताच्या वाढत्या दुखापतींमागे वेगाचा हा हव्यास मोठे कारण असल्याचे मेजर लीगच्याच डिसेंबर २०२४ च्या अहवालाने म्हटले आहे. रडार गन ताशी किती मैल ते सांगते. तो वेग कोणत्या खांद्याच्या जिवावर निघतो आहे, हे ती सांगत नाही.

शाळकरी पिचर, विशेषतः उजवे, आजही सर्वांत जोखमीची निवड आहेत. तिथे पूर्वपक्षाचे म्हणणे पूर्ण मान्य. बीनच्या बाबतीत स्काउट चुकले तेही खरे. पण ते पाहिल्यामुळे चुकले नाहीत. शरीर पाहून थांबले आणि अपयश पचवण्याची कुवत पाहायची राहिली, म्हणून चुकले. अपुऱ्या पाहण्यावर उपाय जास्त पाहणे हाच असतो. आज काय आहे हे यंत्राला विचारावे, उद्या काय होईल हे जाणत्या नजरेला. आणि दोहोंपैकी एकालाच विचारणारा संघ शाळकरी पोराची किंमत चुकीची ठरवणार, हे निश्चित.